काय हलतं तेवढं सांगा

माझ्या व्याह्यांइतका बेसूर माणूस नर्मदेच्या दोन्ही काठांवर शोधून सापडायचा नाही, आणि त्यांनी जितक्या लोकांच्या हाती सूर दिला तितका एखाद्या नावाजलेल्या गवयानेही दिला नसेल. ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाबद्दल आहेत आणि दोन्ही खरी आहेत. बेसूर माणसं मी पुष्कळ पाहिली. मी स्वतः रेल्वेच्या ऑफिसात उभी हयात काढली, माझा सुराशी संबंध इंजिनाच्या शिटीपुरता. पण बेसुरांतही पायऱ्या असतात. कोणी जरा वर चढतो, कोणी खाली घसरतो, कोणी सुराच्या दाराशी येऊन कडी न वाजवताच परत फिरतो. आमचे व्याही सुराच्या गल्लीतच शिरत नाहीत. गणपतीत मंडळाच्या आरतीला ते मुद्दाम शेवटच्या रांगेत, चपलांच्या ढिगाशेजारी उभे राहतात आणि डोळे मिटून टाळ्या वाजवतात. टाळी मात्र अशी चोख की तबलजीने कान द्यावा. लहानपणी शाळेत गाण्याच्या बाईंनी त्यांना रांगेतून बाजूला काढून सांगितलं होतं, "तू फक्त टाळ्या वाजव." सत्तरी आली तरी त्या बाईंचा शब्द त्यांनी जाणूनबुजून मोडलेला नव्हता. एखाद्या वर्षी आरती फारच रंगली तर भान सुटून त्यांचं तोंड उघडायचं. पुढच्या दोन रांगा वळून बघायच्या. मग ते तोंड मिटून घ्यायचे आणि टाळ्यांचा जोर वाढवायचे.

आमची ओळख झाली ती त्यांच्या सोफ्यावर. माझ्या मुलासाठी त्यांची मुलगी बघायला आम्ही जबलपुरातच, घमापुरातल्या त्यांच्या घरी गेलो होतो. खाली सायकलीचं दुकान, वरच्या मजल्यावर हे बापलेक दोघंच. मुलीची आई ती लहान असतानाच गेलेली. "या, बसा" झालं, मी सोफ्यावर टेकलो, आणि माझ्याखालून धीरगंभीर 'सा' निघाला. दचकून उठलो तर 'सा' थांबला. माझी बायको शेजारी बसली, तिच्याखालून 'प' निघाला. मुलगी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ती तिथूनच म्हणाली, "बाबा, स्विच ऑफ नहीं किया क्या?" मग उलगडा झाला. गल्लीतल्या एका बाईंची बोटं संधिवाताने वाकडी झालेली, भजनात त्यांना तंबोरा छेडता येईना, म्हणून ह्यांनी बसल्या जागी वजनावर वाजणारा तंबोरा तयार केला होता आणि तो आपल्याच सोफ्याच्या गादीखाली घालून तपासत होते. दुसऱ्या घरचं स्थळ असतं तर तिथेच मोडलं असतं. पण ही, म्हणजे माझी बायको, उठली, पुन्हा बसली, मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाली, "पंचम जरासा उतरलाय." व्याह्यांनी विचारलं, "कितीसा?" ही म्हणाली, "केसभर." झालं. मुलगी बघायला आलेली माणसं तशीच ठेवून ते पेचकस घेऊन गादीखाली शिरले आणि ही वरून "अजून, अजून थोडा, हं, बस" म्हणत राहिली. लग्न ठरलंय हे मला वाटतं त्या दोघांना सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

हिला तेवढा कान होता, कारण ही पेटी वाजवायची. मैफलीतली नव्हे, भजनातली. दर गुरुवारी आमच्या घरी बायकांचं भजन असायचं आणि मधोमध ही पेटी घेऊन बसलेली. कोणी कुठल्याही पट्टीत सुरू करो, ही दुसऱ्या ओळीपर्यंत तिला सावरून घ्यायची. व्याही त्या दिवशी हमखास काहीतरी काम काढून यायचे आणि दारापाशी, चपलांजवळ बसून ऐकायचे. त्यांना सूर कळत नाही, पण हिचा चेहरा वाचून काय चाललंय ते कळतं, असं त्यांचं म्हणणं.

ते फॅक्टरीत विजेच्या कामावर होते. निवृत्तीनंतर माणसं गुडघे धरतात नाहीतर देव धरतात, ह्यांनी भंगार धरलं. बंद पडलेले मोबाईल, टीव्हीचे रिमोट, खेळण्यातले पियानो, मोडके वजनकाटे. आमच्या जुन्या मिक्सरची वायर कुठे गेली ते मला अजून विचारायचं आहे. रिछाईच्या एका कारखान्यातून त्यांनी प्लास्टिकची नापास झाकणं पोतं भरून आणली तेव्हा मी न राहवून म्हटलं, "एवढ्या झाकणांचं काय करता?" तर म्हणाले, "बटणं करून राहिलो. दुकानातलं बटण घेतलं तर माणसाला बटणाच्या मापाचं व्हावं लागते, व्याहीबुवा. मी बटण माणसाच्या मापाचं करतो." घरात मला ते व्याहीबुवा म्हणतात. बाहेर चारचौघांत, रिक्षावाल्यासमोर किंवा बँकेत, मी त्यांचा 'समधीजी' असतो. जबलपुरात आम्हा मराठी माणसांना उंबरा ओलांडला की भाषा बदलायची सवयच आहे.

त्यांची नजर हा एक वेगळाच त्रास आहे. आपण माणूस भेटला की चेहरा बघतो, कपडे बघतो. व्याही त्याचं काय काय हलतं ते बघतात. बँकेत गळ्याला पट्टा लावलेल्या एका कारकुनाकडे ते इतका वेळ टक लावून बसले की त्याने शेवटी विचारलं, "क्या बात है, अंकलजी?" हे म्हणाले, "कुछ नहीं बेटा, भौंहें बहुत अच्छी चलती हैं आपकी." भुवयांचं हे कौतुक ऐकून मी दुसऱ्या खिडकीवर जाऊन उभा राहिलो. एकदा मयताच्या घरी भेटायला गेलो असताना, घरचा म्हातारा रडताना पायाचा अंगठा तालात हलवतो, हे त्यांनी मला कोपर मारून दाखवलं होतं. सांगायचं काय, त्या म्हाताऱ्याकडे पुढच्या महिन्यात अंगठ्याने वाजणारी खंजिरी पोचली. अंथरुणावर पडल्या पडल्या तो ती वाजवतो आणि सुनेला झोपू देत नाही, अशी तक्रारही आली. ती तक्रार व्याही लोकांना कौतुकाने सांगतात.

कुंडमकडचा एक मांदरवाला होता. मांदर म्हणजे गळ्यात अडकवून दोन्ही हातांनी वाजवायचा ढोल, तिकडची लग्नं त्याच्यावाचून होत नाहीत. ह्याचा एक हात चारा कापायच्या मशीनमध्ये गेला. व्याही बसने तिथे गेले, त्याचं पाऊल मापलं आणि पायाने वाजवायची फळी करून दिली. टाच आपटली की घुमारा, चवडा आपटला की चाट, आवाज हुबेहूब मांदराचा. पहिल्याच लग्नात त्याने फळी फोडली. तो फोन आला तेव्हा व्याही आमच्याकडे होते. मला वाटलं, आता खट्टू होतील. फोन ठेवून ते पोट धरून हसले. "इतके दिवस सांभाळून सांभाळून माझी मशीन वाजवत होता," म्हणाले, "तोडली म्हणजे आज मांदर वाजवला त्यानं." आणि दुसऱ्या दिवशी जाडजूड लाकूड घेऊन पुन्हा कुंडमची बस पकडली.

आता त्यांच्या बाटलीबद्दल सांगायला हवं. मुलीला मूलबाळ होईपर्यंत बापाने तिच्या सासरी अन्नपाणी घेऊ नये, अशी जुनी रीत आहे. आता कोण पाळतं? आमचे व्याही पाळतात. जो माणूस मेलेल्या मोबाईलमधून तंबोरा काढतो तो ह्या बाबतीत आपल्या आजोबांच्याही मागे आहे. घमापुराहून येताना खांद्याला पाण्याची बाटली असायचीच, जास्त वेळ थांबायचं असलं तर डबाही. आमच्याकडे पुरणपोळीचा वास दरवळत असताना ते गॅलरीत बसून आपली गार पोळी-भाजी खायचे. सून चिडायची. "बाबा, पाणी तो एकच आहे ना? तुमच्या नळालाही नर्मदाजीचं, आमच्या नळालाही. फिर?" ते म्हणायचे, "नर्मदा एकच आहे गं, पण नळ जावयाचा आहे." ही आग्रह करून थकली. हिच्या हातचं खाल्लं नाही असा आमच्या ओळखीत हा एकच माणूस, आणि ती गोष्ट हिला मनातून लागायची.

गेल्याच्या गेल्या वर्षी, संक्रांतीच्या आसपास, ही सकाळी चहा गाळता गाळता खाली बसली ती उठलीच नाही. पक्षाघात. उजवं अंग गेलं आणि जीभ जड झाली. दवाखान्यात लोक भेटायला यायचे, सगळ्यांचे प्रश्न एकाच जातीचे. हात पूर्ण गेला का? बोलता येतं का? ओळखते का? ही भिंतीकडे तोंड करून पडून असायची. चारपाच दिवसांनी व्याही आले. आपली बाटली मांडीवर घेऊन पलंगाशी बसले आणि म्हणाले, "काय हलत नाही ते डॉक्टर सांगतील, विहीणबाई. मला काय हलतं तेवढं सांगा." मला त्यांचा असा संताप आला म्हणून सांगू! ही जागा आहे का, ही वेळ आहे का? हाताला धरून बाहेर काढावं म्हणून मी उठलोसुद्धा. पण ही वळली. तिने डावा हात उचलून दाखवला. मग जरा थांबून उजवा खांदा उचलला. अगदी थोडासा, 'मला काय ठाऊक' म्हणताना आपण उडवतो त्याच्या निम्मा. तो खांदा हलतो हे आम्हा कोणालाच माहीत नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं. व्याही म्हणाले, "बहुत है," आणि उठून गेले.

ही घरी आली. चालायला लागली, तुटक तुटक बोलायला लागली. पण पेटीला एक हात पट्ट्यांवर लागतो आणि एक भात्यावर, आणि हिचा पट्ट्यांवरचाच हात गेलेला. आम्ही पेटीवर कापड घातलं. गुरुवारचं भजन मागच्या गल्लीत एकीकडे गेलं, तिथे बायका फोनवर पेटीचा ट्रॅक लावून गाऊ लागल्या. संध्याकाळी ते सूर आमच्याकडे ऐकू यायचे. ही मला म्हणायची, "खिडकी." मी खिडकी लावायचो. हिला पेटी पुन्हा मिळणार की नाही, हा एकच प्रश्न घरात उरला होता, आणि आम्ही सगळे त्याला वळसा घालून चालत होतो. मी तर मनातून सोडूनच दिलं होतं. व्याही तेवढे आले की आधी तिचा खांदा बघायचे आणि मग तिची विचारपूस करायचे.

नवरात्राच्या सुमारास ते एक पाट घेऊन आले. साधा जेवायला बसायचा पाट, त्यावर रिछाईची झाकणं ओळीने बसवलेली आणि खाली एक छोटा स्पीकर. "विहीणबाई, डावा हात नुसता ठेवायचा. ह्यात चूक होतच नाही. मी भूप भरला आहे, कुठेही बोट पडलं तरी भूपच निघणार." हिने बोट ठेवलं. बासरीसारखा गोड सूर निघाला. दुसरं ठेवलं, त्याहून गोड. हात झाकणांवरून फिरला आणि खोलीत भूप पसरला. सून रडायला लागली, मुलगा फोन काढून व्हिडिओ घेऊ लागला, मी उगाच पडदा नीट करायला गेलो. आणि ही थांबली. दोन झाकणांच्या मधल्या जागेवर बोट ठेवलं, पुन्हा ठेवलं, पुन्हा. "म," ती म्हणाली. "म कुठंय?"

"भूपात मध्यम नसते ना," व्याही उत्साहाने म्हणाले, "म्हणून काढूनच टाकला. चुकून लागायला नको."

ही बराच वेळ शब्द जुळवत राहिली. मग तिने पाट त्यांच्याकडे सरकवला. "तुम्ही वाजवा."

"मी? माझं काय काम?"

"वाजवा."

त्यांनी हात ठेवला. भूप निघाला, तितकाच गोड. त्यांनी घाबरून हात उचलला, पुन्हा ठेवला. ह्या माणसाकडून सत्तर वर्षांत एकही सूर खरा लागला नव्हता, आणि आता ते जिथे हात नेतील तिथे सूर लागत होता. त्यांचे डोळे मोठे झाले, मान डोलायला लागली. त्यांना इतकं आनंदात मी मुलीच्या लग्नातही पाहिलेलं नव्हतं. मग त्यांनी वर पाहिलं. ही त्यांच्याकडेच बघत होती. "बघा," ती म्हणाली, "तुम्ही पण तेच. मी पण तेच." त्यांचा हात पाटावर तसाच राहिला. चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू उतरत गेला, आणि मला ते बघवेना. त्यांनी पाट वर्तमानपत्रात गुंडाळला, "चलो, येतो मी" म्हणाले आणि निघाले. बाटली विसरून गेले.

मी हिच्यावर तडकलो. म्हटलं, एवढं केलं त्या माणसाने, दोन मिनिटं वाजवलं असतं तर काय बिघडलं असतं? ती सावकाश, एकेक शब्द शोधत म्हणाली, "चुकताच येत नाही. मग त्यात मी कुठंय?" मला तेव्हा ते पटलं नाही. रात्रभर मात्र डोक्यात घोळत राहिलं.

व्याही येईनासे झाले. आधी मला बरं वाटलं, मग घर रिकामं वाटायला लागलं. कोणी आपल्या खांद्याकडे, भुवयांकडे, अंगठ्याकडे बघत नाही म्हणजे अगदीच दुर्लक्षित झाल्यासारखं वाटतं. शेवटी बाटली परत करायचं निमित्त काढून मी घमापुरात गेलो. सोफ्यावर बसलो, 'सा' निघाला, दोघंही हसलो नाही. त्यांनी चहा केला. त्यांच्याकडे आम्ही खायला-प्यायला मोकळे, रीत एकाच बाजूने आहे. कप हातात देऊन ते म्हणाले, "व्याहीबुवा, मला आयुष्यभर वाटलं की माणूस चुकला की त्याला रांगेतून काढतात. मला काढलं ना. म्हणून मी जे बनवलं त्यात चुकायला जागाच ठेवली नाही. कोणाला काढायला नको. विहीणबाईंना तीच जागा पायजे होती, हे माझ्या डोक्यात काहून नाही आलं?" मी आपला चहा पीत राहिलो. मग त्यांनीच विचारलं, "त्या व्यायामाला कधी जातात?"

ही फिजिओथेरपीला गेली की व्याही यायचे. आम्ही दोघं पेटीवरचं कापड काढायचो, मी भाता हलवायचो आणि ते एकेक पट्टी दाबून तिचा आवाज मोबाईलमध्ये भरून घ्यायचे. हिच्या पेटीचा मध्यम जुना खोकला झाल्यासारखा खरखरायचा. मी म्हटलं, "हा तेवढा कुठून तरी चांगला घ्या." ते म्हणाले, "त्यांना तर हाच ऐकायची सवय आहे ना?" आणि खरखरीसकट भरून घेतला.

दुसऱ्या वेळी पाट तोच होता, पण झाकणांच्या जागी पेटीसारख्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या होत्या. सगळे स्वर, कोमल, तीव्र, लागायला नको असलेलेही. आणि एक लवचिक पट्टा. तो हिच्या उजव्या खांद्यावरून घ्यायचा. खांदा उचलला की भाता भरणार, टेकवला की आवाज बसणार. गेलेल्या अंगाने हवा द्यायची आणि शिल्लक हाताने वाजवायचं. हिने पट्टा घातला, खांदा उचलला, डाव्या हाताचं एक बोट नेमकं मध्यमावर ठेवलं. तो खरखरला. ही पट्टीकडे बघत राहिली, मग कोपऱ्यातल्या कापडाखालच्या पेटीकडे. म्हणाली, "ही माझी पेटी."

पुढचे कित्येक महिने आमच्या घरात जे काही वाजत होतं त्याला संगीत म्हणायची माझी हिंमत नाही. डाव्या हाताला उजव्याचं काम येईना, खांदा ऐन ओळीत थकायचा, सूर मध्येच बसायचा. शेजारीण विचारून गेली, "आंटीजी की तबीयत तो ठीक है ना?" मी म्हटलं, बहुत बढिया है. आणि खरंच होती. व्याही संध्याकाळी बाटली घेऊन समोर बसायचे. त्यांना चूक ऐकू यायची नाही, ते हिच्या कपाळाकडे बघायचे. आठी पडली की विचारायचे, "चुकलं?" ही म्हणायची, "चुकलं." "बढिया," हे म्हणायचे, आणि पट्टा जरा सैल करून द्यायचे. मी आतल्या खोलीत पेपर घेऊन बसायचो आणि एकही बातमी वाचायचो नाही.

मग एका गुरुवारी हिनेच भजनी मंडळाला निरोप धाडला, भजन आमच्याकडे. बायका आल्या, पाटाकडे बघून जरा बिचकल्या. मंडळाच्या प्रमुख बाई मनाने फार चांगल्या. त्या हळूच म्हणाल्या, "काकू, आम्ही मागे बारीक आवाजात ट्रॅक लावून ठेवतो हं. कुठे अडलं तर तो सांभाळून घेईल." ही म्हणाली, "नको." आज हिचं फसलं तर ही पाटालाही कापड घालेल आणि ते कापड मग कोणी काढणार नाही, हे मला कळत होतं. खांदा उचलला, सूर दिला, भजन सुरू झालं. लय संथ होती, बायकांनीही आपली लय संथ केली. पहिलं कडवं पार पडलं. दुसऱ्यात हिचं बोट घसरलं आणि असा खणखणीत चुकीचा सूर लागला की मलासुद्धा कळला. बायकांनी चांगुलपणाने आवाज वाढवला, झाकून घ्यायला. हिने खांदा टेकवला. सूर बसला. डावा हात वर करून ती म्हणाली, "थांबा. चुकलं माझं. परत घेऊ."

आजारपणानंतर इतकं सलग ती पहिल्यांदाच बोलली. बायका थांबल्या. पुन्हा घेतलं, आणि त्या जागेवरून ती नीट पुढे गेली. मी दाराकडे पाहिलं. व्याही चपलांशेजारी उभे राहून टाळ्या वाजवत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि टाळी काही चुकत नव्हती.

शेवटचं भजन झालं. बायका उठायला लागल्या तेवढ्यात ही म्हणाली, "व्याही, आता तुम्ही म्हणा." उठलेल्या बायका एकमेकींकडे बघत परत बसल्या. गणपतीतला अनुभव सगळ्यांनाच होता. व्याही म्हणाले, "मी तर फक्त टाळ्या..." ही म्हणाली, "म्हणा," आणि खांदा उचलून 'सा' धरला. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग मुलीकडे, आणि तोंड उघडलं. सुधारले होते असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. मुळीच नाही. हिने आधी त्यांचा सूर पट्ट्यांवर शोधून पाहिला. एक पट्टी दाबली, शेजारची दाबली, मग काळी. तो सूर कुठल्याच पट्टीवर नव्हता. तेव्हा तिने शोध सोडला आणि नुसता 'सा' धरून ठेवला, कुठेही भटकले तरी परत यायला घर दिसावं म्हणून. खांदा थरथरायला लागला तरी टेकवला नाही. ते पूर्ण भजन म्हणाले, सगळी कडवी. कोणी वळून पाहिलं नाही, कारण ह्या वेळी सगळे त्यांच्याकडे तोंड करूनच बसले होते.

गाऊन त्यांचा घसा कोरडा पडला होता. सुनेने बायकांसाठी पाण्याचा ट्रे आणला होता. त्यांनी हात पुढे केला, आमच्या घरचा स्टीलचा पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला. सून ट्रे धरून तशीच उभी राहिली. हिने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. त्यांची स्वतःची बाटली चपलांजवळ होती, भरलेली. त्यांनी मिशा पुसल्या आणि पट्टा फार घट्ट झाला का ते बघायला हिच्याजवळ गेले.

ह्या गोष्टीलाही आता दिवस झाले. नातवंड अजून नाही. व्याही दर गुरुवारी येतात, जिना चढताना हल्ली मध्ये एकदा थांबून दम घेतात, बाटली खांद्याला असतेच. भजनाआधी तहान लागली तर बाटलीतलं पितात. शेवटी हिने 'सा' धरला की त्यांचं एक भजन होतं, आणि त्याच्या आधी सून एक पेला भरून त्यांच्या हाताशी ठेवते, न बोलता. भजन संपलं की तो पेला रिकामा होतो. आपण काय पितो ते त्यांच्या लक्षात येत नाही, असं सून म्हणते. असेल. पण ज्याला समोरच्याचा खांदा केसभर उचललेला दिसतो, त्याला आपला हात कुठे जातो ते दिसत नसेल, हे काही मला पटत नाही. मी विचारलेलं नाही, आणि विचारणारही नाही.